इंग्रजी शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत, काय करायचं?

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळा मराठी मिडियम. सीडीएसची, म्हणजे सैन्यदलात अधिकारी होण्याच्या परीक्षेची तयारी करतेय, ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी). क्लासने दिलेल्या यादीतले वीस शब्द रोज मराठी अर्थासकट वहीत उतरवून पाठ करते, पण आठवड्याने अर्धेही आठवत नाहीत, आणि मॉक टेस्टमध्ये अर्थ माहीत असलेल्या शब्दाचंही उत्तर चुकतं. माझं पाठांतर कमी पडतंय का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : अगं, पाठांतर भरपूर आहे तुझं, उजळणीची वेळ चुकतेय. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर उडतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणजे आज वीस शब्द केले, उद्या नवे वीस, परवा अजून वीस, आणि मागचे बघायचे थेट रविवारी, असं केलं तर ते जाणारच, तुझेच काय कुणाचेही जातील. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असं बघायचं आणि बघायचं म्हणजे वही वाचायची नाही हां, वही मिटून आठवायचं. नुसतं वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा समज होतो, आठवायला गेलं की खरं कळतं.

यासाठी जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची कार्डं काप आणि चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून चार-पाच कप्पे कर. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने असं. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर सरळ पहिल्या कप्प्यात परत. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात मांडली, आजची फ्लॅशकार्डची ॲप्स याच तत्त्वावर चालतात. आणि रोज वीस कशाला, सात-आठ बास झाले.

आता तुझा दुसरा मुद्दा, अर्थ येतो पण उत्तर चुकतं, हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझ्या वहीत ‘मिटिगेट = कमी करणे’ असं असणार, त्याच्या आसपास ‘अलिव्हिएट = कमी करणे’ आणि ‘कर्टेल = कमी करणे’ पण असणार. मराठीत तिन्हीला एकच अर्थ, मग परीक्षेत तिन्ही सारखेच दिसतात. पण मिटिगेट हा शब्द रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज असल्यांच्या सोबत येतो, वाईट गोष्टीची तीव्रता कमी करायची असते तिथे. अलिव्हिएट पेन, सफरिंग, पॉव्हर्टी यांच्यासोबत येतो, त्रास हलका करण्यासाठी. कर्टेल म्हणजे छाटणं, खर्च, अधिकार, स्वातंत्र्य यांना कात्री लावणं. भाव कमी करायला यातला एकही चालत नाही, तिथे साधा रिड्यूस लागतो. माणूस जसा त्याच्या संगतीवरून ओळखतात तसाच शब्दही. म्हणून कार्डाच्या एका बाजूला अर्थ लिहूच नकोस, गाळलेली जागा ठेवून वाक्य लिही, ‘मेझर्स टू डॅश द इम्पॅक्ट ऑफ ड्रॉट’, आणि मागे मिटिगेट, त्याखाली त्याच्यासोबत येणारे दोन-तीन शब्द, मराठी अर्थ अगदी कोपऱ्यात. सीडीएसच्या पेपरमध्येही बहुतेक वेळा शब्द सुटा येत नाही, वाक्यात अधोरेखित करून दिलेला असतो, त्यामुळे सराव तसाच व्हायला हवा. ओटीएला लेखीत इंग्रजी आणि जीके असे 100-100 मार्कांचे दोनच पेपर, म्हणजे निम्मी लेखी परीक्षा इंग्रजीवर आहे, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश मार्क कापतात हे तुला माहीतच असेल, तेव्हा अर्धवट माहीत असलेले दोनशे शब्द असण्यापेक्षा पक्के साठ असलेले परवडले.

वाक्यं कुठून आणायची? सगळे इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाच म्हणून सांगतात, माझं मत जरा वेगळं आहे. आधी मराठी पेपरात जी बातमी वाचलीस तीच इंग्रजीत वाच. कांद्याच्या निर्यातीची बातमी घे, विषय तुला आधीच कळलेला असतो, आवक वाढली, भाव पडले, निर्यातशुल्क लावलं, त्यामुळे ग्लट (गरजेपेक्षा जास्त माल), कर्ब (आळा), लेव्ही (कर लावणं), प्रोक्युअरमेंट (खरेदी) हे शब्द डिक्शनरी न उघडताही अर्धे समजतात आणि लक्षातही राहतात.

आणि एक, यादीतले चमत्कारिक शब्द जरा बाजूला ठेव. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी केली, त्यात 570 शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट आहेत आणि अशा लेखनातले साधारण दहा टक्के शब्द तेवढ्यात येतात. सिग्निफिकंट, डिराइव्ह, इन्हेरंट, इम्प्लिसिट, कोहेरंट, असले शब्द. मराठी मिडियमच्या मुलींचं नेमकं इथेच अडतं, साधे शब्द येतात, अवघड यादी पाठ असते आणि मधला पट्टा रिकामा. तो आधी भर.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्लिश. रोज डिक्शनरीतले दहा शब्द पाठ करून घेते, पण तो फार कंटाळतो. चालू ठेवू का?
— एक आई, सांगली

उत्तर : नका ठेवू, खरंच. डिक्शनरी ए पासून पाठ करायची गोष्ट नाहीये आणि आठवीत इंग्रजीचा वीट आला तर पुढे फार जड जातं. त्याने संस्कृत घेतलं असेल तर त्यातूनच चला, मुलांना खूप मजा येते. दंत आणि डेंटल, पद आणि पेडल, नाम आणि नॉमिनल, मृत आणि मॉर्टल, नव आणि नॉव्हेल. लॅटिन आणि संस्कृतचं मूळ एकच असावं हे संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडलं होतं, ते नातं आपल्या मुलांना घरबसल्या वापरायला मिळतंय तर का सोडायचं? फक्त दरवेळी जुळेलच असं नाही, पेडियाट्रिशियनमधला पेड पायाचा नाही, तो ग्रीकमधला मूल या अर्थाचा आहे, त्यामुळे अंदाज बांधायचा आणि मग डिक्शनरीत बघायचं, अशी सवय लावा. आणि शब्द मोठ्याने म्हणायला लावा, डिक्शनरीच्या ॲपमध्ये स्पीकरचं बटण असतं ते दाबून ऐकून.

प्रश्न : जीआरईला (परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा) तीन महिने आहेत, तीन हजार शब्दांची यादी करायची का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : तीन महिन्यांत तीन हजार नको, हजारभर नीट कर. विरुद्धार्थी शब्द आणि ॲनॉलॉजी (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखणं) परीक्षेतून 2011 मध्येच गेले, आता शब्दांचे प्रश्न वाक्यातल्या गाळलेल्या जागांवर असतात. त्यामुळे रेटिसंट, टॅसिटर्न, लकॉनिक (तिन्ही कमी बोलण्याबद्दलचे) असे जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी पाठ करू नकोस, एकमेकांत मिसळतात, आठ-दहा दिवसांच्या अंतराने घे आणि तिन्ही पक्के झाले की मगच शेजारी ठेवून फरक बघ. सोप्या दिसणाऱ्या शब्दांकडे जास्त लक्ष दे, पेडेस्ट्रियन म्हणजे रटाळ, चेक म्हणजे रोखणं, वॉन्ट म्हणजे उणीव, क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, आर्टलेस म्हणजे निष्कपट. हे माहीत आहेत म्हणून कुणी यादीत घेतच नाही आणि मार्क तिथेच जातात. अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे, पण तयार डेक (कार्डांचा संच) डाउनलोड करू नकोस, प्रॅक्टिस टेस्टमध्ये चुकलेल्या वाक्यांची कार्डं स्वतः टाईप कर.