संगीत की चित्रकला?

प्रश्न : अठराव्या शतकातील चित्रकर्ती अँजेलिका काउफमन यांनी आत्मचित्रात स्वतःच्या दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया का रंगवल्या आहेत?

उत्तर : त्या दोघी संगीत आणि चित्रकला यांची मानवी रूपे आहेत. काउफमन तरुणपणी गायनातही निपुण होत्या. १७९४च्या या चित्रात शुभ्र वेशातल्या त्या मधोमध उभ्या राहून संगीताचा हात हाती धरून तिचा निरोप घेतात, तर चित्रकला दूरच्या उंचावरील मंदिराकडे बोट दाखवते. सद्गुण आणि सुखासीनता यांतून निवड करणाऱ्या हर्क्युलिस या वीरपुरुषाच्या ग्रीक कथेवर ही रचना बेतलेली आहे. नग्न मॉडेलवरून अभ्यासाची मुभा स्त्रियांना नसल्यामुळे इतिहासचित्रण (इतिहास-पुराणांतील प्रसंगांची चित्रे काढणे) पुरुषांचेच क्षेत्र मानले जाई. अशा काळात, लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या (स्थापना १७६८) संस्थापक सदस्य असलेल्या या चित्रकर्तीने वीरपुरुषाच्या जागी स्वतःला उभे केले, हे मला सर्वांत धाडसी वाटते.