बारा वर्षं राहिला तरी लायसेन्सी तो लायसेन्सीच

प्रश्न : कोथरूडचा फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायचाय. मसुद्यात कुठे 'लायसेन्सी', तर कुठे 'टेनंट' आहे. फरक पडतो का? आणि बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पडतो. 'टेनंट' जिथे जिथे आहे तिथे खोडून घ्या, मगच सही करा.

'टेनंट' आला लॅटिन 'तेनेरे'वरून, म्हणजे धरून ठेवणं. भाडेकरूचा जागेत मुदतीपुरता हक्कच निर्माण होतो. 'लायसन्स'च्या मुळाशी 'लिकेरे' आहे, म्हणजे मुभा असणं. १८८२च्या ईझमेंट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशी मुभा असणाऱ्याचा जागेत काहीच हक्क नसतो. मालक तो 'दोमिनुस', 'दोमुस' म्हणजे घर यावरून. (आपल्या 'दंपती'तला 'दम्' याच घराण्यातला. वेदांत दंपती म्हणजे घरधनी. नवरा-बायको हा अर्थ पुढचा.)

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ठरलेल्या लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. तिथे लेखी करार हा निर्णायक पुरावा मानतात. त्यातच 'टेनंट' असेल तर समोरच्याला वाद घालायला आयतं निमित्त मिळतं.

बारा वर्षांची भीती मात्र सोडा. ताबा कसा हवा, याचं रोमन वकिलांचं सूत्र होतं : 'नेक वी, नेक क्लाम, नेक प्रेकारिओ'. बळजबरीने नाही, चोरून नाही, आणि मागून घेतलेल्या परवानगीने नाही. १९६३च्या मुदत कायद्यातली बारा वर्षं मालकाचा हक्क उघडपणे नाकारून ठेवलेल्या ताब्याला लागतात. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा त्यात बसत नाही, मग करार कितीदाही वाढवा.

'अकरा महिन्यांचा करार, म्हणजे नोंदणी नको' हाही गैरसमजच. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ५५ मुळे महाराष्ट्रात मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर तुम्ही ते खोडून काढत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुद्रांक फारसा नाही. महिना २०,०००, मुदत २४ महिने, परत करायची अनामत १ लाख असेल, तर भाडं ४,८०,००० आणि अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले २०,०००, मिळून ५ लाख. त्यावर ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये, आणि शहरात नोंदणी फी वेगळी १,००० रुपये.