दोन बॅगा आणि ‘नंतर बघू’चं खोकं

चार महिन्यांनी कायमचं परदेशी जायचंय, तर काय न्यावं, काय जहाजाने पाठवावं आणि निघण्याआधी काय घेऊन ठेवावं, असं तुम्ही विचारलंत. शेवटच्याचं उत्तर आधी देते: शक्यतो काहीही घेऊ नका. निघायच्या तोंडावर माणूस गरजेपोटी नाही, धास्तीपोटी खरेदी करतो. मी तीन जाड कोट घेतले होते. तिथल्या थंडीला एकही पुरला नाही, कारण ती थंडी मी पाहिलीच नव्हती.

विजेच्या वस्तू उलटून बघा. मागे बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल, तर फक्त पिनांचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉप-फोनचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसतं ‘२३०’ असेल आणि तुम्ही जाताय तिथे १२० असेल, तर अडॅप्टर कामाचा नाही. तो पिना जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. मी हौसेने इस्त्री नेली होती. जळली नाही बिचारी, नुसती कोमट व्हायची. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता साधारण चौथाईवर येते, हे शाळेत पाठ केलेलं मला तेव्हा शर्टाच्या चुण्यांनी समजावलं. उलटा प्रवास असेल, म्हणजे १२०ची वस्तू २३०वर लावलीत, तर मात्र ती जळू शकते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही.

सामान पाठवताना लोक वजनाचा विचार करतात आणि तिथेच फसतात. विमानाच्या पार्सलला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० किंवा ६०००ने भागतात. तो किलोतला आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा निघाला, तर पैसे त्याचे. म्हणजे उशा पाठवल्यात तर हवेचं भाडं भराल. जहाजाने थोडंच सामान जात असेल, तर हिशोब बहुतेक घनमीटरचा.

मग ठरवायचं कसं? आजपासून महिनाभर जी वस्तू हाताळाल, ती वापरून झाली की एका ठरावीक कपाटात ठेवत जा. महिन्याने बाहेर उरलेल्यांकडे बघा. ‘उपयोगी पडेल का’ असं विचारू नका, सगळंच पडतं. ‘आज नसती, तर विकत घेतली असती का’ असं विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या घरी काही ठेवू नका. मी भावाच्या माळ्यावर एक खोकं ठेवलं, वर स्केचपेनने ‘नंतर बघू’ लिहून. सहा वर्षांनी उघडलं. गुंता झालेल्या वायरी, सेल पाझरून हिरवट पडलेलं घड्याळ, कुठल्या कुलपाच्या ते न आठवणाऱ्या किल्ल्या. तळाशी आईची शिवणाची कात्री. तिकडे मी तीन कात्र्या घेतल्या होत्या, एकही हाताला बसली नव्हती.

ती कात्री या वेळी चेक-इन बॅगेत घातली. बाकीचं खोकं वहिनीने संध्याकाळपर्यंत रिकामं केलं, मला न विचारता.