डीएनए दुरुस्त करायला जिवाणूकडे इतक्या यंत्रणा असताना म्युटेशन होतंच कसं?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की तुम्ही टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहात, रेप्लिकेशन (डीएनएची नक्कल), म्युटेशन (डीएनएतला कायमचा बदल) आणि रिपेअर (दुरुस्ती) हे तिन्ही धडे पाठ आहेत पण एकमेकांना जोडता येत नाहीत, आणि ते कोणत्या क्रमाने वाचावेत असंही विचारलंय. क्रमाचं शेवटी सांगते. तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझ्या जर्नलमधली लाल रेघ आठवली, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

डिसेंबर १९९८. तालुक्याच्या गावचं कॉलेज, मायक्रोबायोलॉजीच्या टीवायला आम्ही अठरा जण. प्रॅक्टिकल नेहमीचंच, अतिनील किरणांनी ई. कोलाय हे जिवाणू किती मरतात ते मोजायचं. इनॉक्युलेशन चेंबरमधल्या दिव्याखाली सलाईनमधलं सस्पेन्शन उघड्या पेट्रीडिशमध्ये ठेवायचं, ०, १०, २०, ३०, ४५ आणि ६० सेकंदांनी थोडं थोडं काढून घ्यायचं, पातळ करायचं, प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे एकेका जिवंत पेशीतून वाढलेले ठिपके, मोजायच्या. मी आणि माझी पार्टनर एकाच डिशमधून सॅम्पल घेत होतो. प्रत्येक वेळचं सॅम्पल दोन नळ्यांत वाटून घेतलेलं, एक संच तिचा, एक माझा.

त्या दिवशी प्लेट कमी पडल्या. लॅबमधल्या मामांनी ओव्हनमधून काढलेल्या प्लेट एकाच संचाला पुरल्या, त्या तिने वापरल्या. माझ्यासाठी पुन्हा अगर वितळवायचा, ओतायचा, गोठू द्यायचा, वर साचलेलं पाणी सुकू द्यायचं. यात सव्वा तास गेला. तोवर माझा नळ्यांचा स्टँड खिडकीच्या कट्ट्यावर होता, कारण टेबलावर जागाच नव्हती. खिडकी पूर्वेची. धूळ येते म्हणून काच कायम बंद. साडेदहाचं थंडीतलं ऊन थेट नळ्यांवर पडलेलं. मला ते आजही दिसतं, कारण नळ्यांच्या सावल्या वहीवर पडल्या होत्या आणि मी वही सरकवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ३० सेकंदांच्या प्लेट काढल्या. तिच्या शंभरपट पातळ केलेल्या प्लेटवर ३१ कॉलन्या. माझी तीच प्लेट गच्च भरलेली, मोजायची सोय नाही. दहा हजारपट पातळ केलेल्या माझ्या प्लेटवर ४७. हिशेब करा, दीडशेपट फरक. डिश तीच, दिवा तोच, सेकंद तेच.

सरांनी जर्नल बघितलं, लाल पेनाने आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "आकडे बनवायचे तर निदान पार्टनरच्या आकड्यांशी जुळतील असे तरी बनव." मी म्हटलं, "सर, शून्य सेकंदाच्या आमच्या दोघींच्या प्लेट जुळतायत." ते ऐकायला थांबले नाहीत. जर्नलला २० पैकी ९ मिळाले. पार्टनरला १७.

शून्य सेकंदाचा मुद्दा माझ्या बाजूचा होता, आणि तो आजही मी सोडलेला नाही. पिपेटिंग चुकलं असतं, नळ्यांत बाहेरचे जिवाणू शिरले असते किंवा सव्वा तासात जिवाणू वाढले असते (सलाईनमध्ये खायला काय होतं?), तर शून्य सेकंदाच्या नळीतही तोच घोळ दिसला असता. ती नळीही त्याच उन्हात होती. फरक होता तो फक्त किरण लागलेल्या नळ्यांत. म्हणजे जे घडलं ते मार खाल्लेल्या जिवाणूंमध्येच घडलं होतं. आकडा चुकलाय की काही सांगतोय, हे ओळखायला कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला, किरण न दिलेला नमुना) असतो. तो आमच्याकडे होता, आणि कुणी बघितला नाही.

दोन वर्षांनी, एमएस्सीला असताना, विद्यापीठाच्या ग्रंथालयात अल्बर्ट केल्नर यांच्या कामाबद्दल वाचलं आणि हात थरथरायला लागले. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला हा माणूस स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसच्या बीजाणूंना अतिनील किरण देऊन म्युटंट (म्युटेशन झालेले) शोधत होता. किती बीजाणू जगतात त्याचे आकडे त्याला काही केल्या सारखे येईनात. आधी त्याला वाटलं तापमानाचा परिणाम असेल. शेवटी लक्षात आलं की ज्या वॉटरबाथमध्ये बाटल्या टांगल्या होत्या तो काचेचा होता आणि खिडकीजवळ होता. साधा दिवसाचा उजेड त्या बीजाणूंना परत उठवत होता. हे १९४९ साली छापून आलं. त्याच सुमारास लुरिया यांच्या प्रयोगशाळेत रेनातो दुल्बेक्को यांना एकावर एक रचलेल्या फाजच्या (जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या) प्लेटमध्ये वरच्या, ट्यूबलाइटच्या उजेडातल्या प्लेटवर जास्त प्लाक (फाजने जिवाणू मारून पाडलेले मोकळे ठिपके) दिसले. दोघांनाही आधी न जुळणारे आकडेच दिसले होते. त्यांनी ते फेकून दिले नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

अतिनील किरण बहुतेक वेळा थेट म्युटेशन करत नाहीत, ते नुकसान करतात. थायमिन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक; शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात, तिथे डीएनए वाकतो आणि त्याची नक्कल करणारं पॉलिमरेज हे एन्झाइम अडकतं. हे नुकसान आहे, म्युटेशन नव्हे. पुस्तकं हे दोन शब्द एकाच दमात वापरतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. नुकसान निस्तरता येतं. म्युटेशन म्हणजे दोन्ही धाग्यांवर नीट जोडी जुळवून बसलेलं चुकीचं अक्षर. ते एकदा बसलं की कोणत्याही एन्झाइमला त्यात वावगं काही दिसत नाही.

चिकटलेल्या थायमिनचं काय करायचं याचे जिवाणूकडे ढोबळ तीन मार्ग आहेत. पहिला फोटोलायेज. हे एन्झाइम अंधारातही त्या जागी जाऊन बसतं, निळा प्रकाश मिळाला की तो चिकटलेला बंध तोडतं. काही कापणं नाही, काही नवीन लिहिणं नाही, जसं होतं तसं परत. माझ्या खिडकीत हेच झालं होतं. दुसरा मार्ग यूव्हीआर ए, बी, सी या प्रथिनांचा. खराब जागेच्या दोन्ही बाजूंना कापून बारा-तेरा अक्षरांचा तुकडा काढून टाकायचा, समोरचा धागा बघून पॉलिमरेज वनने नवा भरायचा, लायगेजने सांधायचा. याला उजेड लागत नाही आणि यातही चुका फारशा होत नाहीत.

तिसरा मार्ग एसओएस, आणि तुमचं उत्तर तिथे आहे. नुकसान इतकं झालंय की वरचे दोन मार्ग पुरे पडत नाहीत, फोर्क (डीएनएची नक्कल चालू असलेली जागा) अडकलाय, एकेरी धागा उघडा पडलाय. त्यावर रेक-ए हे प्रथिन गोळा होतं, त्याच्या संगतीत लेक्स-ए हे दुसरं प्रथिन स्वतःलाच तोडून घेतं आणि त्याने दाबून ठेवलेली चाळीसच्या आसपास जनुकं चालू होतात. त्यात पॉलिमरेज फाइव्ह असतं. ते चिकटलेल्या थायमिनवरूनही पुढे जातं, पण समोर कोणतं अक्षर बसवायचं याची फार फिकीर करत नाही. पेशी वाचते, अक्षर चुकतं.

याला पुरावा आहे. पॉलिमरेज फाइव्ह बनवणारं यूएमयूसी हे जनुक बिघडलेले ई. कोलाय घ्या आणि त्यांना अतिनील किरण द्या. मरतात भरपूर, पण म्युटंट जवळजवळ निघतच नाहीत. म्हणजे किरणांनी केलेलं नुकसान जसंच्या तसं असताना, चुका करणारं दुरुस्तीयंत्र काढून घेतलं की म्युटेशनही जातं. "इतकी दुरुस्ती असताना म्युटेशन कसं होतं" असं तुम्ही विचारता. अतिनील किरणांच्या बाबतीत ते या शेवटच्या दुरुस्तीमुळेच होतं. एव्हलिन विटकिन आणि मिरोस्लाव्ह रादमान यांनी १९७० च्या दशकात हे उलगडलं, आणि माझ्या मते जिवाणूंच्या आनुवंशिकीतलं इतकं सुंदर काम क्वचितच झालं असेल.

किरण नसतानाही म्युटेशन होतातच, तो हिशेब वेगळा. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख जोड्या. दोन फोर्क, प्रत्येकाचा वेग सेकंदाला साधारण हजार अक्षरं, म्हणून एक नक्कल पुरी व्हायला ४० मिनिटं. (पेशी २० मिनिटांत दुभंगते, ते कसं, हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न. पहिली फेरी संपायच्या आत पुढची सुरू झालेली असते.) पॉलिमरेज लाखात एखादं अक्षर चुकीचं बसवतं. स्वतःच मागे सरकून खोडतं, मग चूक कोटीत एकावर येते. त्यातूनही सुटलेली मिसमॅच रिपेअर (न जुळणाऱ्या जोड्या दुरुस्त करणारी यंत्रणा) पकडतं आणि शेवटी अब्जात एक किंवा त्याहूनही कमी उरते.

मिसमॅच रिपेअरला कोणता धागा चुकीचा हे कसं कळतं, हे बहुतेकांना पाठ असतं पण समजलेलं नसतं. तलाठ्याच्या कचेरीत सातबाऱ्याची नक्कल काढली की तिच्यावर शिक्का पडेपर्यंत ती नक्कल आहे हे उघड दिसतं. तसंच इथे. जीएटीसी या अक्षरांवर मिथाइलचा शिक्का असतो. जुन्या धाग्यावर तो आहे, नव्यावर अजून पडायचाय. म्यूट-एस हे प्रथिन न जुळणारी जोडी शोधतं, म्यूट-एल मदतीला येतं, म्यूट-एच बिनशिक्क्याचा धागा कापतं. शिक्का पडून गेला की संधी गेली, कारण मग दोन्ही धागे सारखेच खरे वाटतात.

अब्जात एक हे ऐकायला नगण्य वाटतं. पण रात्रभर वाढवलेल्या एक मिली कल्चरमध्ये शंभर कोटी पेशी असतात. हजार विभाजनांमागे एक नवं म्युटेशन धरलं तरी त्या एका मिलीत दहा लाखांच्या घरात म्युटेशन झालेली असतात. "होतंच कसं" याचं साधं उत्तर हे. यंत्रणा कमालीची चोख आहे, पण पेशी अगणित आहेत.

एमएस्सीच्या त्या वर्षी मी प्रयोग पुन्हा केला. संध्याकाळी, सगळे गेल्यावर. एक स्टँड डब्यातल्या चपात्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळला, दुसरा ट्यूबलाइटखाली ठेवला. या वेळी वाचलेल्यांना वाढू देऊन रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवरही पसरलं; तिथे फक्त म्युटंट वाढतात, म्हणजे ते मोजता येतील. उजेडातल्या नळ्यांत जगलेले शंभरपटीच्या आसपास जास्त निघाले. आणि जगलेल्यांमध्ये म्युटंटचं प्रमाण अंधारातल्यांपेक्षा कमी. बंध उजेडातच सुटले, एसओएसला काम उरलं नाही, चुका झाल्या नाहीत. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

दिवाळीच्या सुट्टीत ते आकडे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी सगळे कागद नीट बघितले आणि म्हणाले, "तुझ्या जर्नलमध्ये खिडकीचा उल्लेख कुठे होता?" नव्हता. मी फक्त आकडे लिहिले होते. ही त्यांची बाजू, आणि ती खरी आहे. पण आकडे बनवलेस असं म्हणण्याआधी नळ्या कुठे होत्या एवढं विचारता आलं असतं, हे माझं म्हणणं मी तेव्हाही त्यांना सांगितलं.

वर मी सगळं ई. कोलायचं सांगितलंय. शिक्क्याची ही पद्धत सगळ्या जिवाणूंत नसते. क्षयाच्या जिवाणूत म्यूट-एस, म्यूट-एलचं हे मिसमॅच रिपेअरच नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये फोटोलायेज नाही, माणसातही नाही, त्यामुळे उन्हात बसून आपला डीएनए दुरुस्त होईल असं कृपा करून कुणी समजू नये. खिडकीची काच बंद होती हेही महत्त्वाचं, काच उन्हातले घातक किरण बरेचसे अडवते. उघड्या उन्हात ठेवलं असतं तर उलटही झालं असतं. आणि "औषधामुळे म्युटेशन होत नाही, आधीच झालेली फक्त निवडली जातात" हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ साली जिवाणूंवर फाज सोडून दाखवलं ते पक्कं असलं, तरी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं डीएनएला इजा करणारं औषध एसओएस चालू करून म्युटेशनचा वेग वाढवू शकतं. परीक्षेत पहिलं लिहा, दुसरंही लिहा.

क्रमाचं विचारलंत. पुस्तकाच्या उलटा वाचा. आधी रिपेअर, आणि त्यातही अतिनील किरणांपासून सुरुवात, मग म्युटेशन, रेप्लिकेशन सगळ्यात शेवटी. मोडलेलं दुरुस्त कसं होतं हे कळलं की मूळ यंत्र तसं का आहे ते आपोआप कळतं. फोर्कची दहा मार्कांची आकृती काढून मार्क मिळतील, त्यासाठी तरी काढाच.

आणि हे प्रॅक्टिकल तुम्हालाही असणार. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा, किंवा निम्म्या गुंडाळा आणि निम्म्या उजेडात ठेवा, शून्य सेकंदाची नळी दोन्हीकडे हवीच. जर्नलमध्ये आकड्यांच्या वर लिहा: किरण दिल्यापासून प्लेटवर पसरेपर्यंत किती मिनिटं गेली, तेवढा वेळ नळ्या कुठे होत्या, खिडकी कोणत्या दिशेची, काच उघडी की बंद, दिवा चालू होता का. पेनने लिहा, आणि आकडे पार्टनरशी जुळले नाहीत तरी खोडू नका.