जहाजांनी सोडलेलं पाणी, कोणाला सूट आणि कोणाला नाही

प्रश्न : आमच्या बंदराबाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांच्या कुशीतून तासन्‌तास पाण्याची धार पडत असते. विचारलं तर "त्यांना सूट आहे" एवढंच सांगतात. आमची कालवं, तिसऱ्या सगळं ह्याच पाण्यातलं. अशी सूट खरंच असते का?
— एक तांडेल, सिंधुदुर्ग

उत्तर : तांडेल, सूट असते, पण ती अशी तोंडी सांगून उडवून लावण्यासारखी नसते. आधी धार कसली ते बघा. इंजिन थंड करायला घेतलेलं समुद्राचं पाणी बहुतेक जहाजांतून चोवीस तास पडतच असतं, त्याची काळजी नको. पण जहाजात माल भरला जातोय आणि त्याच वेळी पाणी उपसलं जातंय, तर ते बॅलास्टचं पाणी. रिकामं जहाज समुद्रात डोलू नये म्हणून टाक्यांत हजारो टन पाणी भरून आणतात आणि माल आत गेला की ते बाहेर काढतात, त्यामुळे रेडीसारख्या खनिज भरून पाठवणाऱ्या बंदरात बाहेरचं पाणी आपल्याकडे सोडलं जातं, आणि जयगडला कोळसा उतरवणारं जहाज उलट आपलं पाणी भरून घेऊन जातं.

त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्लं, अंडी, जंतू असतात, टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळात तर जास्तच. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा एक बारका शिंपला असाच जहाजांबरोबर येऊन विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांत घर करून बसलाय, खांब, साखळी, होडीचा तळ, मिळेल तिथे थरावर थर चिकटतो. म्हणून 2004 साली बॅलास्टच्या पाण्याबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो 8 सप्टेंबर 2017 पासून लागू आहे. आधी पाणी भर समुद्रात, शक्यतो किनाऱ्यापासून 200 सागरी मैल लांब आणि 200 मीटर खोलीवर बदलून घ्यायचं अशी पद्धत होती, आता जहाजावरच यंत्र बसवून पाणी साफ करूनच सोडायचं, 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) आणि त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरमध्ये दहाच्या आत हवेत.

आता सूट. एक प्रकार अडचणीतला, म्हणजे जहाज किंवा माणसं वाचवायची आहेत, टाकी फुटली, किंवा मोठं प्रदूषण टाळायला पाणी सोडावं लागलं तर नियम आड येत नाही, आणि यायलाही नको, खवळलेल्या दर्यात कोणी वहीतली कलमं बघत बसावं असं मी म्हणणार नाही. दुसरं, जिथून पाणी घेतलं तिथेच ते सगळं, दुसरीकडचं थेंबभर न मिसळता परत सोडलं तर चालतं. तिसरा प्रकार कागदी. ठराविक दोन-चार बंदरांमध्येच फिरणाऱ्या जहाजाला, तिथल्या पाण्यात कोणते जीव आहेत ह्याचा अभ्यास करून, जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी सूट देता येते, मध्ये फेरतपासणी करावी लागते, आणि त्याची नोंद जहाजाच्या बॅलास्ट रेकॉर्ड बुकात असावी लागते. म्हणजे "सूट आहे" म्हणणाऱ्याला कोणती, कुठल्या बंदरांसाठी आणि कधीपर्यंत, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. स्वतःच्या देशाच्या हद्दीतच फिरणाऱ्या जहाजांना करार मुळातच लागू होत नाही, त्या देशाने धोका आहे असं ठरवलं तरच होतो. मुंबईच्या गोदीतलं पाणी घेऊन एखादं किनारी जहाज कोकणातल्या खाडीत आलं तर कागदावर तो एकाच देशातला प्रवास, पण त्या शिंपल्याला हद्द कुठली कळणार, गोदीतनं उठून तो तुमच्या कालवांच्या खडकावर येऊन बसला की बसलाच, एकदा रुजलेला जीव समुद्रातून परत काढता येत नाही. मच्छीमार सोसायट्यांनी हा मुद्दा लेखी लावून धरायलाच हवा.

आणि धारेबरोबर तेलाचा तवंग दिसला तर वाद घालत बसू नका, फोटो काढा, वेळ लिहा, जहाजाच्या मागच्या बाजूला नाव आणि सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, रंगवलेला असतो तो टिपा आणि कोस्ट गार्डला 1554 वर कळवा.

प्रश्न : मग आमच्या ट्रॉलरला सूट आहे का? बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी काढावंच लागतं.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काढावं लागतं हे खरंय, पण तेलकट पाणी सरळ दर्यात ओतायला कोणालाच सूट नाही. 400 टनांवरच्या जहाजाला चालता चालता, गाळणीतून तेल 15 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 15 भाग) आत आणूनच सोडता येतं, छोट्या बोटीने तेल जमवून बंदरात द्यायचं. बॅरलमध्ये साठवा, जेटीवर जळकं तेल घेणारे असतात.

प्लास्टिक तर कुठेच टाकायचं नाही, पिशवी असो की तुटलेली दोरी. जाळं खडकात अडकून तुटलं, सगळी काळजी घेऊनही गेलं, तर तो गुन्हा धरत नाहीत, पण मोठं जाळं असेल तर जागा टिपून कळवायचं, कारण तेच दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात अडकतं आणि कासवंही त्यातच मरतात.