कोच म्हणतात, मुलगा चांगला सपोर्ट रायडर होईल. सायकलिंगमध्ये दुसऱ्यासाठी सायकल मारून करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा १७ वर्षांचा आहे, पुण्यात क्लबकडून शर्यतींना उतरतो आणि कोचचं हे वाक्य ऐकून तुमचं मन खट्टू झालं. माझ्या मते ते कौतुक होतं. पोटापाण्याचं विचाराल तर मात्र उत्तर जरा वाकडं आहे.

कॉलेजात असताना मुंबई-पुणे शर्यतीत मी हेच काम केलंय. हौशीच होतो, व्यावसायिक वगैरे नाही. क्लबमधल्या सीनियरला पनवेल ते खोपोली वारा लागू द्यायचा नाही, एवढंच मला सांगितलेलं. घाट लागला तेव्हा माझ्या पायांत काही उरलं नव्हतं. तो निघून गेला आणि चौथा आला. मी सत्तेचाळिसावा. घरी आईनं विचारलं, "कितवा आलास?" सांगितलं. "मग एवढे बदाम कशाला खाल्लेस?"

आईला समजावता आलं नाही, तुम्हाला सांगून बघतो. सपाटीवर ताशी ४० च्या वेगात बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, मोठ्या झुंडीच्या पोटात शिरलात तर त्याहून बरीच जास्त. म्हणजे जिंकणाऱ्यानं वाचवलेली ताकद आधी दुसऱ्या कुणीतरी खर्च केलेली असते. टूर द फ्रान्समध्ये एका संघात ८ जण असतात आणि २१ टप्पे. जिंकण्यासाठी उतरतात एखाद-दोघं, बाकीच्यांना कामं वाटून दिलेली. कुणी मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबून परत झुंड गाठायची. कुणी पळून गेलेल्या गटाला तासन्‌तास आटोक्यात ठेवायचं. लीडर पंक्चर झाला तर आपलं चाक, वेळ पडली तर अख्खी सायकल काढून द्यायची आणि रस्त्याकडेला गाडीची वाट बघत उभं राहायचं.

अशा रायडरला फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. ती शिवीच होती. १९११ च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको दुसऱ्यांसाठी सायकल मारतोय म्हणून आयोजक आंरी देग्रांज यांनी त्याला तसं हिणवलं होतं. आता त्याच कामाचे करार होतात. बेल्जियमचा टिम डेक्लेर्क 'ट्रॅक्टर' म्हणून ओळखला जातो, आणि ते नाव त्यानं शर्यती जिंकून मिळवलेलं नाही, झुंडीच्या तोंडाशी बसून तिला ओढत नेऊन मिळवलंय. टूरच्या विजेत्याला ५ लाख युरो मिळतात, पण ते संघात वाटून घ्यायची प्रथा आहे. खरी कमाई पगाराची. आणि निकालपत्रात तुमचं नाव खाली कुठेतरी असल्यामुळे पुढचा करार ठरतो तो लीडरच्या शब्दावर: "हा हवाच मला."

अमेरिकेचा सेप कस २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या शर्यती धावला: इटलीची जिरो, फ्रान्सची टूर, स्पेनची वुएल्टा. जिरोमध्ये आपल्या संघाचा लीडर रोग्लिचसाठी, टूरमध्ये संघातल्याच विंगेगार्डसाठी राबला. दोघंही जिंकले. मग वुएल्टा स्वतः जिंकला, विंगेगार्ड दुसरा आणि रोग्लिच तिसरा. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा, पण हिशेबात धरू नका. असं क्वचितच घडतं.

आता आपल्याकडचं, जे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. रेल्वे, सैन्यदलं, पोलीस, म्हणजे ज्या खेळाडू कोट्यावर आपली मुलं डोळे लावून बसतात, तिथे प्रमाणपत्र बघतात. पनवेल ते खोपोली कुणाला ओढलंत, याचं प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे त्याला सांघिक टाइम ट्रायलची, म्हणजे अख्ख्या संघानं मिळून घड्याळाशी लावायच्या शर्यतीची, तयारी करू द्या. तिथे आळीपाळीनं पुढे येऊन ओढणं हाच खेळ असतो आणि पदक संघातल्या सगळ्यांचं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय संघ आपल्याच जिल्ह्यातले घाट चढून गेले. तिचे व्हिडिओ त्याच्याबरोबर बसून बघा, मात्र पहिल्या आलेल्याला सोडून शेवटच्या २० किलोमीटरआधी झुंडीच्या तोंडाशी कोण आहे ते बघा.

आणि कोचना एवढं विचारा: हा सपाटीवरचा गडी आहे की घाटातला? दोन्ही कामं वेगळी. चढाला वेग उतरतो, आडोशाचा फायदा घटतो, तिथे हलक्या अंगाचा मदतनीस लागतो. सपाटीवर दणकट. नदीपात्रालगतच्या रस्त्यावर कितीही ओढत असला तरी दिवे घाटात तो लीडरबरोबर कुठवर टिकतो, हे कोचना आकड्यांत सांगता यायला हवं. "बघू" म्हणाले, तर अजून दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्या.