महिना भागतो, वर्ष भागत नाही

"मॅडम, दूध दीड लिटरचं एक लिटर केलं. सिनेमा बंद, बाहेरचं खाणं बंद. तरी जून आला की कार्ड घासावंच लागतं. आणि हे म्हणतात, तुझाच हात सैल."

घरखर्चाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या नाशिकच्या एका जोडप्यातल्या बायकोने खुर्चीवर टेकता टेकता हे सांगितलं. नवरा सातपूरच्या कारखान्यात, हातात येणारा पगार ३८,५००. ती घरी ब्लाउज शिवते, त्याचे महिन्याला साधारण ६,०००. शाळेत जाणारी दोन मुलं, घराचं कर्ज, आणि क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "एवढी काटकसर करतो, मग पैसा जातो कुठे?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच घरांचं दुखणं याच जागी असतं.

दोघांचा एकमेकांवर संशय होता. त्याला वाटायचं, बायको ऑनलाइन काहीबाही मागवते. तिला वाटायचं, टपरीवरचा चहा-वडापाव महाग पडतोय. अशा वेळी रोजचा खर्च वहीत लिहायला सांगून फारसं साधत नाही. वही दहा-बारा दिवस चालते, मग भांडणाचं आणखी एक कारण होते. त्याऐवजी बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट आणि घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. कॅलेंडरवर सगळं असतंच: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाचं लग्न कधी.

महिन्याचा खर्च असा निघाला: घराचा हप्ता १३,२००, किराणा ७,६००, दूध २,७००, भाजी-फळं ३,४००, वीज आणि गॅस २,३००, पेट्रोल २,५००, मोबाइल-इंटरनेट-टीव्ही १,९००, सोसायटी १,०००, आणि कटिंग, रिक्षा, झेरॉक्स असलं सटरफटर २,०००. एकूण ३६,६००. (दूध हिशेबात दीड लिटरच धरलं. वाढत्या मुलांचं दूध तोडून मिळणारे ९०० रुपये सगळ्यात शेवटी बघायचे.) म्हणजे दरमहा ७,९०० उरायला हवेत. ते दिसत नव्हते.

मग कॅलेंडरची पानं जानेवारीपासून उलटत गेलो. शाळेची फी दोन हप्त्यांत ३२,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश-बूट ९,०००. विम्याचा वार्षिक हप्ता १८,५००. गणपती-दिवाळी १७,०००. वर्षाचं धान्य आणि मसाला १४,०००. आहेर आणि गावी जाणं-येणं १२,०००. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पीयूसी ५,५००. घरपट्टी-पाणीपट्टी ४,८००. दवाखाना-चष्मा ४,८००. बेरीज १,१७,६००. बाराने भागा: ९,८००.

उरतात ७,९००, लागतात ९,८००. दरमहा १,९०० ची तूट, वर्षाला २२,८००. टपरी आणि ऑनलाइन दोन्ही सुटले. दोघंही या खर्चाला "अचानक आलेला खर्च" म्हणत होते. दिवाळी अचानक कशी येईल? पण पगार महिन्याचा म्हणून मनातला हिशेबही महिन्याचाच राहतो. उरलेले सात-आठ हजार "आहेत" असं समजून सरतात आणि जून महिना कार्डावर जातो.

कार्डाचं गणित दोघांनाही माहीत नव्हतं. किमान रक्कम, म्हणजे थकबाकीच्या ५ टक्के, ३,००० ते इमाने-इतबारे भरत होते. त्यांच्या कार्डाचं व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. भरलेल्या तीन हजारांतून मुद्दल कमी झालं ५२२ रुपयांनी. किमान रक्कम भरली की लेट फी टळते, व्याज टळत नाही. शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते, त्या दिवसापासूनच व्याज लागतं. अशा कार्डावर किराणा घेणं म्हणजे तूरडाळ व्याजाने आणणं.

त्याच्या कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था होती, व्याज १२ टक्के. दोन जामीनदार देऊन ६०,००० चं कर्ज घेतलं, त्याच दिवशी कार्ड पूर्ण भरलं. चोवीस महिन्यांचा हप्ता २,८२४. किमान रकमेपेक्षाही कमी, आणि दोन वर्षांत संपणारा. कार्डाची मर्यादा अर्ज करून २०,००० वर आणली. हे राहिलं तर सगळंच फसतं: कर्जाने कार्ड मोकळं होतं, मोकळं कार्ड पुन्हा भरतं, आणि डोक्यावर दोन देणी बसतात.

आता १,९०० अधिक २,८२४, म्हणजे ४,७२४ दरमहा उभे करायचे होते.

मोबाइल-टीव्हीत ७५० सुटले. घरात फायबर असताना दोन्ही फोनवर रोज दीड जीबीचा रिचार्ज होता, आणि यूपीआय ॲपच्या 'ऑटोपे' यादीत कोणीच न बघणारी दोन सबस्क्रिप्शन चालू होती. ही यादी प्रत्येकाने एकदा उघडावी. विजेत ४०० निघाले, मुख्यतः गिझरमधून. दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. यांचा सकाळी सव्वा तास चालू, म्हणजे महिन्याला ७५ युनिट. सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ लावल्या आणि तो अर्ध्या तासावर आला. (१०० युनिट ओलांडले की सगळं बिल चढ्या दराने लागतं, असा त्यांचा समज होता. तसं नसतं. चढा दर वरच्या युनिटांनाच.) पेट्रोलचे ९०० एका सहकाऱ्याबरोबर आठवडा-आठवडा गाडी वाटून घेतल्यावर वाचले.

किराण्यात १,०००. यादी न करता महिन्यात चार वेळा मॉलला जाणं हे मोठं कारण. दुसरं तेल: चौघांना महिन्याला पाच लिटर. माणशी अर्धा लिटर पुरतं. ते हळूहळू तीनवर आले. डबा तोच ठेवला, फक्त भांड्यातून ओतणं बंद करून पळीने मोजून घालायला सुरुवात केली. सणासुदीतून वर्षाला ४,८००, म्हणजे महिन्याला ४००.

आणि एक गोष्ट तिच्या बाजूची. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई तिने चार वर्षांत वाढवली नव्हती. "ओळखीच्याच बायका आहेत, कसं सांगायचं?" ५० रुपये वाढवले. महिन्याला अठराएक ब्लाउज, ९०० रुपये आले. दोन गिऱ्हाइकं गेली, तेवढीच नवी आली.

सगळं मिळून ४,३५०. उरलेले ३७४ सटरफटरमधून काढायचे ठरले. ते दर महिन्याला जमत नाही, हेही खरं.

९,८०० ठेवायचे कुठे? "पोस्टात आरडी काढू का?" असं त्याने विचारलं. आरडी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव. चांगली योजना आहे, पण या कामाची नाही. पाच वर्षांची आरडी तीन वर्षं होईपर्यंत मोडता येत नाही, आणि फी जूनमध्ये भरायची असते. तिच्या नावाने पोस्टात साधं बचत खातं उघडलं, किमान शिल्लक ५०० रुपये. एटीएम कार्ड घेतलं नाही, फोनच्या ॲपला जोडलं नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी रक्कम तिथे जाते. या हिशेबाच्या आधी एकदा उरलेले पैसे त्याच्या दुसऱ्या बँक खात्यात ठेवून पाहिले होते. खिशात कार्ड असल्यामुळे तिसऱ्याच महिन्यात ४,००० गाडीच्या टायरांना गेले.

पहिलं वर्ष मात्र वेगळं मांडावं लागतं. सुरुवात फेब्रुवारीत झाली. मेअखेर चार महिन्यांचे ३९,२०० जमणार. त्यातून धान्य १४,०००, मे महिन्यातली दोन लग्नं ६,०००, जूनची फी आणि वह्या-पुस्तकं मिळून २५,०००. बेरीज ४५,०००, म्हणजे ५,८०० कमी. बाराने भागलेला आकडा बरोबर असूनही योजना इथेच कोलमडते, कारण खर्च सारखे पसरलेले नसतात. या घराने त्या वर्षी धान्य सहा महिन्यांपुरतंच भरलं, ७,००० चं. गहू दोन कडक उन्हं दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत. जूनची फी भरून खात्यात १,२०० राहिले.

ऑगस्टमध्ये ती कॅलेंडर घेऊनच आली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे होते, आणि डिसेंबरच्या पानावर विम्याच्या १८,५०० शेजारी प्रश्नचिन्ह. "ही पॉलिसी मोडू का?" तिने विचारलं. नववं वर्ष चालू होतं. आत्ता मोडली तर हाती काय येतं आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर काय मिळतं, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी घेऊन या, एवढंच सांगितलं. दूध तोपर्यंत दीड लिटरवर आलं होतं.